विश्लेषण : पहिल्या सरीत दुचाकी का घसरते? घाटात ब्रेक का निकामी होतात?

जूनच्या पहिल्या सरी कोसळल्या की राज्यभरातून ठरावीक बातम्या येऊ लागतात. उड्डाणपुलावर एकापाठोपाठ एक दुचाक्या घसरल्या, घाटात कंटेनर उलटला, उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन पुढच्या गाड्यांना धडक बसली. कारण म्हणून ‘निसरडा रस्ता’, ‘अतिवेग’ किंवा ‘ब्रेक फेल’ एवढेच छापून येते. या तिन्ही कारणांच्या मुळाशी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक साधा विषय आहे, तो म्हणजे घर्षण. त्याच्या जोडीला असतो हवेचा रोध. रस्त्यावर घर्षण किती मिळते, कधी कमी पडते आणि हवा त्यात किती मदत करते, याचे हे विश्लेषण.

विषय किती गंभीर आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांत झाल्याची नोंद आहे. अतिवेग म्हणजे केवळ फलकावरची मर्यादा ओलांडणे नव्हे. त्या क्षणी रस्ता जेवढे घर्षण देऊ शकतो, त्यापेक्षा जास्त घर्षणाची गरज निर्माण करणारा वेग, हा त्याचा भौतिकशास्त्रातला अर्थ. म्हणूनच कोरड्या रस्त्यावर चालून जाणारा वेग पावसात अतिवेग ठरतो.

गाडी नेमकी कशामुळे थांबते?

ब्रेकमुळे, असे उत्तर कोणीही देईल. पण ते अर्धेच खरे आहे. ब्रेक फक्त चाकाचे फिरणे कमी करतो. गाडीला मागे खेचणारे बल येते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून. कारच्या एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो, दुचाकीचा त्याहून लहान. गाडी पळणे, वळणे आणि थांबणे, हे सारे तेवढ्याशा जागेवर अवलंबून असते.

हे घर्षण किती मिळेल, ते दोन पृष्ठभागांवर ठरते. कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकली की तोच स्ट्रायकर, तेवढ्याच टिचकीने कितीतरी लांब जातो. स्ट्रायकरचे वजन बदललेले नसते, बदललेला असतो तो त्याच्या आणि लाकडाच्या मधला थर. रस्त्यावर पाणी, तेल, माती किंवा बारीक खडी हीच पावडरची भूमिका बजावतात.

अभियंते हे ‘घर्षण गुणांक’ या आकड्यात मोजतात. चांगल्या टायरसाठी कोरड्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.७ असतो. म्हणजे गाडीच्या वजनाच्या ७० टक्के एवढेच बल गाडी थांबवायला जास्तीत जास्त मिळू शकते. ओल्या रस्त्यावर हा आकडा ०.४ च्या आसपास येतो. टायर झिजलेला असेल किंवा रस्त्यावर चिखल असेल, तर आणखी खाली. ब्रेक कितीही महागडे असले तरी ही मर्यादा ते ओलांडू शकत नाहीत.

मग पहिलाच पाऊस जास्त धोकादायक का?

ऑक्टोबर ते मे या कोरड्या महिन्यांत रस्त्यावर इंजिनातून गळलेल्या तेलाचे थेंब, डिझेलचे डाग, टायरच्या रबराचे बारीक कण आणि धूळ साचत राहते. कोरड्या स्थितीत ते फारसे जाणवत नाही. पहिल्या हलक्या सरीत मात्र एवढेच पाणी पडते, की हा सगळा थर भिजतो, वर येतो. पण वाहून जात नाही. पाणी, तेल आणि धुळीचा चिकट राब टायर आणि डांबर यांच्यामध्ये जाऊन बसतो. नंतर जोरदार पाऊस झाला की तो धुऊन निघतो आणि रस्ता ओला असूनही पकड थोडी सुधारते. म्हणून रिमझिम सुरू झाल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वाधिक जपण्याची असतात.

काही जागा त्यातही वाईट असतात. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलाच्या सांध्यांवरच्या धातूच्या पट्ट्या, रेल्वे फाटकातले रूळ आणि बांधकामाच्या डंपरमधून सांडलेली माती. यांतील बहुतेक पृष्ठभाग डांबरासारखे खरखरीत नसतात. त्यामुळे पाण्याचा पातळ थर फुटायला जागाच मिळत नाही.

ओल्या रस्त्यावर थांबायला किती अंतर लागते?

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध चालकालाही साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. त्यानंतर ब्रेकचे अंतर सुरू होते. वरचे घर्षण गुणांक आणि एक सेकंदाचा प्रतिसाद धरून सपाट रस्त्यावरचा हिशेब असा येतो :

ताशी ४० किमी : कोरडा रस्ता २० मीटर, ओला रस्ता २७ मीटर
ताशी ६० किमी : कोरडा ३७ मीटर, ओला ५२ मीटर
ताशी ८० किमी : कोरडा ५८ मीटर, ओला ८५ मीटर
ताशी १०० किमी : कोरडा ८४ मीटर, ओला १२६ मीटर

वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, कारण गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० वरून ८० वर गेलेल्या गाडीत चौपट ऊर्जा असते आणि ती सगळी घर्षणानेच संपवायची असते.

ताशी ६० किमी वेगाच्या ओळीतला फरक १५ मीटरचा आहे. कागदावर तो किरकोळ वाटतो. पण कोरड्या रस्त्यावरची गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी ओल्या रस्त्यावरची गाडी अजून ताशी सुमारे ३९ किमी वेगाने पुढे जात असते. समोर रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर हा फरक त्याच्या जिवाचा आहे. कोरड्यात ६० ने जाताना लागणाऱ्या अंतरातच पावसात थांबायचे असेल, तर वेग ५० च्या आत असायला हवा.

ब्रेक करकचून दाबला तर लवकर थांबता येते का?

नाही. फिरत्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता रस्त्यावर जवळपास स्थिर असतो. पाऊल टाकताना तळवा जसा जमिनीवर टेकून राहतो, तसाच. ही पकड भक्कम असते. ब्रेक जोरात दाबून चाकच जाम झाले, तर टायर फिरण्याऐवजी घासत जातो आणि घसरतानाचे घर्षण आधीच्यापेक्षा कमी असते. शिवाय घसरणाऱ्या टायरला दिशा देता येत नाही. हँडल वळवले तरी गाडी सरळच जाते आणि दुचाकीचा तोल जातो.

एबीएस यंत्रणा हेच टाळते. चाक जाम होऊ लागल्याचे सेन्सरला कळताच ती ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते. हे एका सेकंदात अनेक वेळा घडते. एप्रिल २०१९ पासून देशात १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस बंधनकारक आहे. त्याहून लहान दुचाक्यांसाठी एबीएस किंवा सीबीएस यांपैकी एक असावे लागते. सीबीएसमध्ये एकाच लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. पण ही यंत्रणा चाक जाम होणे थांबवत नाही. एबीएसही घर्षण वाढवत नाही. आहे तेवढे घर्षण वाया जाऊ देत नाही, इतकेच.

‘पुढचा ब्रेक लावला की गाडी पडते’ हा समजही तपासून पाहायला हवा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढच्या टायरवरचे वजन वाढते, म्हणून तिथले घर्षणही वाढते. मागचे चाक हलके होते आणि चटकन जाम होते. फक्त मागचा ब्रेक वापरणारा दुचाकीस्वार स्वतःहून निम्म्याहून अधिक पकड सोडून देतो. पडण्याचे कारण पुढचा ब्रेक हे नसून तो एकदम किंवा वळणावर दाबणे हे असते.

वळणावर ब्रेक का लावू नये?

टायरकडे घर्षणाची एकच शिल्लक असते आणि वळण्यासाठी व थांबण्यासाठी दोन्हीकडे तीच खर्च होते. वळणात बरीचशी शिल्लक गाडीला वर्तुळात ठेवण्यातच संपते. त्याच वेळी ब्रेक दाबला, तर खर्च शिलकीपलीकडे जातो आणि टायर सुटतो.

उदाहरणार्थ, २० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. सपाट, कोरड्या रस्त्यावर ते जास्तीत जास्त ताशी ४२ किमी वेगाने घेता येईल. ओल्या रस्त्यावर हीच मर्यादा ३२ वर येते. या मर्यादेवर असताना ब्रेकसाठी काहीच उरत नाही. त्यामुळे वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करणे हाच मार्ग उरतो.

टायरवरची नक्षी कशासाठी?

शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या ट्रॅकवरचे टायर गुळगुळीत असतात आणि त्यांची पकड उत्तम असते. म्हणजे खाचा पकड वाढवण्यासाठी नसतात, त्यांचे मुख्य काम पाणी बाहेर काढणे हे आहे. टायर पुढे जाताना समोरचे पाणी दाबले जाते. ते खाचांतून निघून गेले, तर रबर डांबराला टेकते. वेग जास्त, पाणी जास्त किंवा खाचा उथळ असतील, तर पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग एकदम हलके लागते आणि ब्रेक दाबून काही होत नाही.

हवा योग्य भरलेल्या कारच्या टायरबाबत साचलेल्या पाण्यात हा धोका साधारण ताशी ९० किमीच्या आसपास सुरू होतो. टायर झिजलेला असेल किंवा त्यात हवा कमी असेल, तर बराच आधी. चारचाकी टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचेच्या तळाशी असलेला छोटा उंचवटा टायरच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

हवेचा रोध गाडी थांबवायला मदत करत नाही का?

हवेचा रोध किती प्रभावी असू शकतो, याचा पुरावा पाऊसच आहे. दीड किलोमीटर उंचीवरच्या ढगातून पडणारा थेंब हवा नसती, तर ताशी ६०० किमीहून अधिक वेगाने डोक्यावर आदळला असता. प्रत्यक्षात मोठा थेंबही ताशी ३०-३२ किमीपेक्षा वेगाने पडत नाही. वेग वाढतो तसा हवेचा रोध वाढतो आणि एका टप्प्यावर तो थेंबाच्या वजनाइतका होतो. त्यानंतर वेग वाढणे थांबते.

कारचे गणित वेगळे आहे. थेंब हलका असतो, कार हजार-बाराशे किलोची असते. ताशी १०० किमी वेगाने जाणाऱ्या साधारण कारवर हवेचा रोध सुमारे ३२५ न्यूटन, म्हणजे ३३ किलो वजनाएवढा असतो. तीच कार कोरड्या रस्त्यावर पूर्ण क्षमतेने ब्रेक लावते, तेव्हा टायरचे घर्षण याच्या सुमारे २५ पट असते. थोडक्यात, हवा गाडी थांबवत नाही.

हवा इंधन मात्र भरपूर खाते. साधारण कारच्या बाबतीत ताशी ६५-७० किमीपर्यंत टायरच्या फिरण्यातला रोध जास्त असतो, त्यापुढे हवेचा. हवेचा रोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेल्यास तो ५६ टक्क्यांनी आणि १०० वरून १२० वर गेल्यास ४४ टक्क्यांनी वाढतो. महामार्गावर वेग वाढवला की मायलेज का घसरते, याचे उत्तर इथे आहे. टपावर सामानाचे कॅरिअर लावल्यास किंवा वेगात काचा उघड्या ठेवल्यास त्यात भरच पडते. सायकलस्वारालाही सपाट रस्त्यावर ताशी २० किमीच्या पुढे मुख्य झुंज हवेशीच द्यावी लागते. म्हणूनच शर्यतीत सायकलपटू वाकून आणि एकमेकांच्या मागे राहून सायकल चालवतात.

मग घाटात ब्रेक ‘फेल’ का होतात?

बहुतेकदा ब्रेक तुटलेले नसतात, तापलेले असतात. पुणे-मुंबई मार्गावर भोर घाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. २५ टन वजनाच्या ट्रकसाठी ही सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा झाली. तेवढ्या उष्णतेत २०० लिटरची दोन पिंपे भरून पाणी उकळीला येईल. टायर आणि हवा यांचा वाटा वजा केला, तरी साधारण दीड पिंप उकळेल एवढी उष्णता उरते. घाट केवळ ब्रेकवर उतरला, तर ती सगळी ड्रम आणि लायनरमध्ये जाते.

दर १०० मीटरला ४ मीटर उतार धरला, तर एवढ्या ट्रकला उतार सतत सुमारे एक टन बलाने पुढे ढकलतो. ताशी ४० किमी वेगाला हवा त्यातले जेमतेम पाच टक्के रोखते. बाकीचे काम ब्रेकला किंवा इंजिनला करावे लागते. लायनर खूप तापला की त्याचे घर्षण कमी होते. ड्रम उष्णतेने फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. चालक पेडल आणखी दाबतो, उष्णता आणखी वाढते. एअर ब्रेकच्या गाडीत वारंवार ब्रेक दाबल्याने टाकीतला हवेचा दाबही उतरत जातो. शेवटी पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. अशी गाडी तासाभराने थंड झाल्यावर तपासली, तर तिचे ब्रेक कदाचित व्यवस्थित लागतील.

न्यूट्रलमध्ये उतरल्याने डिझेल वाचते का?

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर हा प्रश्न अनेकदा चर्चेत आला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हाही इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी बंद किंवा न्यूट्रल करण्याच्या सवयीचा मुद्दा पुढे आला होता.

गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की चाकेच इंजिन फिरवतात. आजच्या इंजिनांत अशा वेळी इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे इंधन जळतच राहते. म्हणजे ब्रेक लावत उतरावे लागेल अशा तीव्र उतारावर न्यूट्रलमध्ये बचत तर होत नाहीच, उलट इंजिनाचा रोध हातचा जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले, तर कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकची हवा भरत नाही आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. वेग हाताबाहेर गेल्यावर जड गाडी पुन्हा खालच्या गिअरमध्ये टाकणे जवळजवळ अशक्य असते.

‘ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा जुन्या चालकांचा नियम याच हिशेबावर उभा आहे. खालच्या गिअरमध्ये उताराची बरीच ऊर्जा इंजिन शोषून घेते. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये हा परिणाम आणखी वाढतो आणि गरज पडेल तेव्हासाठी ब्रेक थंड राहतात.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

● पहिल्या सरीनंतर शक्य असल्यास दहा-पंधरा मिनिटे थांबावे. थांबणे शक्य नसेल, तर वेग एरवीपेक्षा किमान पाचव्या हिश्श्याने कमी ठेवावा.
● पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंदांचे अंतर ठेवत असाल, तर पावसात ते चार सेकंदांचे ठेवावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आकडे मोजायला सुरुवात केली की हे अंतर कळते.
● दुचाकीवर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत आणि हँडल सरळ असताना लावावेत. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे यांवर ब्रेक किंवा वळण टाळावे.
● गाडी साचलेल्या पाण्यावर तरंगू लागल्यास ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे, ब्रेक एकदम दाबू नये.
● टायरमधील हवा आणि खाचांची खोली पावसाळ्याआधी तपासून घ्यावी.
● घाट उतरण्याआधी, माथ्यावरच खालचा गिअर टाकावा. ब्रेक सतत दाबून ठेवू नये. वेग उतरेपर्यंत ठाम दाबून सोडावा, म्हणजे ड्रमला निवायला वेळ मिळतो. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याला तडे जाऊ शकतात.